दोरीचं दुसरं टोक

अंबाडीची दोरी एकट्या माणसाला वळता येत नाही असं नाही. शेतावरचा गडी पायाच्या अंगठ्यात टोक अडकवतो आणि गप्पा मारता मारता हातभर दोरी वळून टाकतो. पण घमापुरच्या डबीरांच्या घरी नवरात्रासाठी जी दोरी लागायची, ती नवरा-बायकोने मिळून वळायची असा रिवाज होता. आणि १९४३ सालच्या नवरात्रात त्या घरच्या थोरल्या सुनेच्या, विनताच्या हातात दोरीचं एकच टोक होतं. दुसरं टोक धरणारा अच्युत मलायात गेलेला होता आणि दीड वर्षं त्याचा पत्ता नव्हता. तो परत आला नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी ते कुणालाच माहीत नव्हतं.

डबीरांचा मूळपुरुष भोसल्यांच्या चाकरीत कारकून म्हणून नर्मदा ओलांडून आला आणि इथलाच झाला. पुढच्या पिढ्या भाजीवाल्याशी हिंदीत आणि देवाशी मराठीत बोलू लागल्या. जमीनजुमला कधीच गेला होता. राहिला होता एक मान. गल्लीच्या टोकाला मराठी मंडळाचं देवीचं लहानसं देऊळ होतं. तिथल्या अष्टमीच्या होमाचा विस्तव काडी ओढून पेटवायचा नसे. तो पिंपळाच्या लाकडांतून घासून काढायचा, आणि काढायचा तो डबीरांनी. खाली आडवं लाकूड, त्याच्या खळगीत उभा दांडा, दांड्याला दोरीचे वेढे. एकाने वरून दाबून धरायचं, दुसऱ्याने ताक घुसळावं तशी दोरी ओढत राहायचं. लाकूड पिढ्यान्‌पिढ्या तेच होतं. दोरी मात्र दर वर्षी नवी लागे, आणि सगळं तिच्यावरच असे. सैल असली तर ती दांड्यावरून नुसतीच घसरते, कच्ची असली तर धूर निघायच्या आत तुटते.

विनता लग्न होऊन आली ती एकोणचाळीस साली, नागपूरहून. अंबाडीची भाजी तिला माहीत होती. भाजीसाठी पानं खुडून झाल्यावर परसातली चार-सहा रोपं माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढू द्यायची, फुलावर आली की कापायची, तळ्यात कुजत घालायची, मग साल सोलून, बडवून, धुऊन तिचे पांढुरके केस मोकळे करायचे आणि पुढच्या वर्षासाठी माळ्याला टांगून ठेवायचे, हे तिला सासूबाईंनी शिकवलं. कुजलेल्या अंबाडीचा वास हाताला चिकटून राही. अच्युत जेवायला बसला की म्हणे, "आज भाजीला तळ्याची फोडणी दिली वाटते." आणि तरी दुसऱ्यांदा वाढून घेई.

अच्युत तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होता. उंच, घाईघाईने बोलणारा, कुठल्याही गोष्टीचं कारण सांगितल्याशिवाय चैन न पडणारा. त्यांनी पहिली दोरी वळायला घेतली तो प्रसंग घरात पुढे कित्येक वर्षं सांगितला जाई. दोघं परसात समोरासमोर बसली होती. मधे अंबाडीचा लांब पेड ताणलेला. दोघांनीही बोटांत टोक धरून फिरवायला सुरुवात केली. बराच वेळ गेला, पेड होता तसाच सरळ.

"अहो, पीळ चढूनच नाही राहिला," विनता हळूच म्हणाली.

"चढेल कसा नाही? तू उजवीकडे फिरवतेस ना? मग मी डावीकडे. मी तुझ्या समोर आहे, म्हणजे माझं उलटं पाहिजे. लेथवर शिकलो मी हे."

सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. हसून हसून त्यांना ठसका लागला. "लेथवर शिकलास तर लेथशीच लग्न लावायचं होतं बाप्पा. अरे, समोरासमोर बसलं की दोघांनीही आपापल्या उजव्या हाताला फिरवावं लागते. तू डावीकडे फिरवून तिनं दिलेला सगळा पीळ सोडवून राहिला."

अच्युतने हात थांबवला, हवेत दोन बोटं फिरवून पाहिली, आणि तोंड भरून हसला. "बरोबर आहे. मशीन चुकीचं नव्हतं, ऑपरेटर चुकीचा होता." मग त्याने पीळ दिला तो असा झटक्याझटक्याने, की विनताच्या बोटांपर्यंत प्रत्येक झटका येऊन पोहोचे. डोळे मिटले तरी पलीकडे कोण बसलं आहे ते कळावं.

पेडाला पुरता पीळ बसला की तो मधोमध धरायचा आणि दोन्ही टोकं एकत्र आणायची. सैल सोडला की तो आपोआप स्वतःभोवती गुंफतो आणि दोरी होते. टोकं एकत्र आणताना उठायचं नवऱ्याने. त्याने आपलं टोक बायकोच्या हातात आणून द्यायचं. अच्युत देताना दर वेळी काहीतरी बोले. एका वर्षी म्हणाला, "घ्या बाईसाहेब, मालाची डिलिव्हरी."

एक्केचाळीस साली सैन्याला फिरत्या वर्कशॉपसाठी फिटर हवे होते. अच्युतने नाव दिलं. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. त्याला अडवू शकेल असं घरात दुसरं कुणी नव्हतं आणि विनताला अडवणं जमलं नाही. सिंगापूर पडल्यावर तार आली, बेपत्ता म्हणून. त्यानंतर काही नाही.

नवरा प्रवासात असला तर काय करायचं, याचीही रीत होती. त्याच्या अंगावरचा एखादा कपडा परसातल्या खुंटीला लावायचा, बाहीच्या टोकाला पेड बांधायचा आणि बायकोने एकटीनेच पीळ द्यायचा. बेचाळीसच्या नवरात्रात विनताने अच्युतचा कारखान्याचा कोट लावला. कोपराला तेलाचा डाग असलेला, जाड कापडाचा. कोट ओढ घेत नाही, पीळ देत नाही, उठून जवळ येत नाही. टोकं एकत्र करायला तिलाच उठून त्याच्याकडे जावं लागलं. पण रीत पार पडली. त्याचा अर्थ गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळत होता: नवरा प्रवासात आहे. गेलेल्या माणसाचा कपडा कुणी खुंटीला लावत नाही.

त्रेचाळीसच्या श्रावणात सिहोऱ्याहून तुळशीराम नावाचा माणूस घरी आला. तो अच्युतच्याच तुकडीत होता. आजारी पडून शेवटच्या बोटींपैकी एकीवर चढवला गेला म्हणून वाचला होता, आणि घरी यायला त्याला आत्ता कुठे रजा मिळाली होती. भय्यासाहेबांनी, म्हणजे विनताच्या सासऱ्यांनी, त्याला बैठकीत बसवलं. विनता दाराआड उभी राहिली.

"डबीर भैया हॉस्पिटलमध्ये होते जी," तुळशीराम म्हणाला. "ताप होता लई. मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलवर बॉम्ब पडले, असं मागून आलेल्या लोकांकडून ऐकलं. डोळ्यांनी पाहिलं नाही मी. खोटं काहून बोलू."

"चहा घ्या," भय्यासाहेब म्हणाले. तेवढंच.

त्या दिवसानंतर घरात कुणी काही बोललं नाही, आणि सगळं बदललं. धाकटी जाऊ, शशिकांतची बायको प्रतिमा, एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा सोडून असायची. ती विनताशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलू लागली. गल्लीतल्या मंगळागौरीचं बोलावणं आलं ते "दोघींपैकी कुणीही या" असं आलं. विनता कपाळावर कुंकू लावताना आरशात पाही आणि वाटे, आपल्यामागे कुणीतरी उभं राहून तेच पाहत आहे.

घटस्थापनेला दोन दिवस राहिले असताना भय्यासाहेब जेवून उठले आणि हात धुता धुता म्हणाले, "या वर्षी दोरी प्रतिमा आणि शशिकांत वळतील."

प्रतिमाने हातातली पळी खाली ठेवली. विनता म्हणाली, "बरं मामंजी." आणि माळ्यावरून अंबाडी काढून दिली. देताना तिला आपलंच नाव घराच्या दारावरून खरवडून काढल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकांत रात्रपाळी करून आला होता. लढाईमुळे कारखाना चोवीस तास चाले आणि भोंगे वेळी-अवेळी होत. तो डोळे चोळत परसात बसला, प्रतिमा समोर. विनता आत तांदूळ निवडत होती. खिडकीतून दोघं दिसत.

"फिरवा ना."

"फिरवून राहिलो ना. हात गळून आले."

"कुठं फिरवता? पेड तर केस विंचरल्यासारखा सरळ आहे."

"तू उजवीकडे, मी डावीकडे. समोरासमोर म्हणजे उलटंच. साधी गोष्ट आहे."

"साधी आहे तर होऊन काहून नाही राहिली? रात्रभर तोफा बनवता तुम्ही. चालतात तरी का त्या?"

"तोफेला बायकोसमोर बसून पीळ द्यावा लागत नाही."

विनताच्या हातातलं सूप थांबलं. तेच वाक्य, तोच विश्वास, भावाभावांत एकच खोड. हसू तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथून ते कुठे गेलं ते तिला कळलं नाही. डोळ्यांपुढचे तांदूळ पुसट झाले. पुढचं सगळं मात्र तिला दिसत होतं. ती गप्प बसली तर दोरी होणार नाही, आणि मग तिच्याकडेच यावं लागेल. सांगितलं तर दोरी होईल, अष्टमीला देवीपुढे ती दांड्याला गुंडाळली जाईल, आणि अच्युत डबीर या जगात नाही हे मंडळासमोर न बोलता सांगून होईल.

ती दारात आली. "शशिकांतभाऊजी, तुम्हीही उजवीकडेच फिरवा. आपापल्या उजव्या हाताला."

शशिकांतने फिरवलं. पेडात पीळ सळसळत चढला. प्रतिमा त्या पेडाकडे बघत राहिली, मग तिने आपलं टोक सोडून दिलं. चढलेला पीळ भिरभिर फिरून सुटून गेला.

"अगं, काय केलंस?"

"मला नाही जमत."

"आत्ता तर जमलं."

"नाही जमत म्हटलं ना," प्रतिमा म्हणाली. तिचा तोच जुना, चढा आवाज परत आला होता. "ही ताईंची जागा आहे. मी या पाटावर बसले तर मोठ्या भाऊजींना मीच मारल्यासारखं होईल. मामंजींना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. नाहीतर ताई सांगतील. मी चालले, माझं वरण उतू जाऊन राहिलं." वरण उतू जात नव्हतं. ते तिने अजून चढवलंच नव्हतं.

विनता भय्यासाहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते पिंपळाचं लाकूड मऊ फडक्याने पुसत बसले होते. लग्नानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आली होती. आताही ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामंजी, प्रतिमा वळत नाही म्हणते. मी वळू का?"

ते पुसतच राहिले.

"तुळशीरामनं डोळ्यांनी काही पाहिलं नाही," विनता म्हणाली. "तुम्हाला वाटत असेल की हे नाहीत, तर तसं सांगा मला. मी दोरीला हात लावणार नाही. पण ते तुमच्या तोंडून सांगा."

भय्यासाहेबांनी मान वर केली. "मला असं वाटतं, असं तुला वाटलं?"

"मग काय समजू मी?"

मग त्यांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली. "गेल्या साली होमात दोरीचा एक पदर तुटला होता. विस्तव पडला म्हणून निभावलं. मी ती मुठीत लपवून घरी आणली."

"माहीत आहे. दुसऱ्या दिवशी ती मीच सोडवून ठेवली."

"माहीत होतं?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तू काही बोलली नाहीस."

"दोरी आहे, मामंजी. झिजते."

"पोराच्या नावानं वळलेली दोरी देवीपुढे तुटली तर लोक काय समजतील? लोकांचं जाऊ दे. मी काय समजू? रात्री अंथरुणावर पडल्यावर मला दुसरं काही दिसत नाही. शशिकांतची तुटली तर तो पलीकडच्या खाटेवर घोरतो आहे, मी उठून पाहीन. अच्युतची तुटली तर कुठे जाऊन पाहू?"

विनताला इतके महिने वाटत होतं, वाट पाहणारी या घरात ती एकटीच आहे. आता तिने पाहिलं की समोरचा माणूस तीच वाट पाहतो आहे, आणि ती आशा कुणी मोडू नये म्हणून हातांखाली झाकून बसला आहे.

"आणि माझ्या जागी प्रतिमा बसली तर लोक काय समजतील?" तिने विचारलं.

त्यांनी लाकूड फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग ते म्हणाले, "कोट आहे ना नीट? कसर नाही लागली?"

"नाही. मी ऊन दाखवते त्याला."

"मग तूच वळ."

अष्टमीला देवळात गर्दी होती. काड्यापेट्या त्या वर्षी बाजारातून नाहीशाच झाल्या होत्या, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्यांनी त्या खिशात ठेवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पायरीवर बसलेले नीलकंठराव म्हणत होते, "भय्यासाहेब, देवीचं झालं की माझी एक बिडी लावून द्या. देवीला राग नाही यायचा, तिला माहीत आहे बाजारात काय चालू आहे ते." दोन बायका पदराआड हसल्या.

भय्यासाहेबांनी दांडा दाबून धरला. शशिकांत दोरी ओढू लागला. विनता बायकांमध्ये पुढेच बसली होती. तिची नजर दोरीवर होती. तिच्या हाताकडच्या पदराला पीळ घट्ट बसला होता, पण कोटाकडचा पदर ढिला राहिला होता. एकट्या हाताने लांब पेडाला सारखा पीळ बसत नाही. वळतानाच तिला ते जाणवलं होतं आणि चालून जाईल असं तिने स्वतःला समजावलं होतं.

दांडा कुरकुरला. खळगीच्या कडेला काळी भुकटी जमू लागली, जळक्या लाकडाचा वास आला. शशिकांतच्या कपाळावर घाम आला, त्याने वेग वाढवला. धुराची एक बारीक रेघ निघाली. आणि दोरी तुटली.

आवाज मोठा झाला नाही. शशिकांत दोन तुकडे हातात घेऊन मागे झुकला. मागून कुणा बाईने जिभेने चुकचुक केलं. भय्यासाहेबांचे हात दांड्यावर तसेच होते.

विनता उठली. सगळ्यांच्या देखत पुढे गेली आणि शशिकांतच्या हातातून तुकडे घेतले. बोटांनी तुटल्या जागी चाचपलं. "इथे पीळ कमी पडला होता," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "वळण्यातली चूक आहे. दुसरं काही नाही. प्रतिमा, घरून उरलेली अंबाडी घेऊन ये. आणि कोट."

प्रतिमा धावली. अंबाडी आली, कोट आला. पुरोहितांनी इकडेतिकडे पाहिलं. देवळात खुंटी नव्हती. खांब होता, पण खांबाला कोट कसा लावणार?

"मामंजी," विनता म्हणाली, "दुसरं टोक तुम्ही धरा."

"मी?" ते म्हणाले. "मी कसा? माझी बायको नाही. मला तो अधिकार नाही."

"तुमचं म्हणून नका धरू. ह्यांचं म्हणून धरा. ते येईपर्यंत."

पुरोहितांनी तोंड उघडलं होतं. भय्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. कोट त्यांनी प्रतिमाच्या हातातून घेतला, कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, शेवटी मांडीवर घेतला. मग पेडाचं टोक बोटांत धरलं.

पेड ताणला गेला. विनताने उजव्या हाताला पहिला वळसा दिला आणि थांबली. पलीकडून ओढ आली.

दोन वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं. तिने डोळे मिटले. पीळ अंबाडीतून सरकत तिच्या बोटांपर्यंत आला. ती वाट पाहत होती झटक्याची, त्या उतावळ्या, घाईच्या हाताची. आला तो म्हाताऱ्या बोटांचा पीळ: सावकाश, मधे अडखळणारा, पुन्हा सुरू होणारा. हा तो हात नव्हता. डोळे मिटून तो होणारही नव्हता. तिने डोळे उघडले. समोर भय्यासाहेबांचेही डोळे मिटलेले होते, आणि एका हाताने मांडीवरच्या कोटाची बाही त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

मागे नीलकंठराव कुणाला तरी हळूच म्हणाले, "जरा सरका, बाईंना उजेड येऊ द्या."

पेड घट्ट झाला. आता दुमडायला हरकत नाही हे विनताच्या बोटांना कळलं.

"पुरे का, पोरी?" भय्यासाहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

"अजून थोडा, मामंजी," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि ते फिरवत राहिले. पुरोहित थांबले, शशिकांत थांबला, सगळं देऊळ थांबलं. घाई कुणीच केली नाही.